कांडीचं डोकं

हौसा गेली त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून गोधडीची घडी घातली. दोरीवरून मीच काढून आणली, कारण तिचा हात वर होत नव्हता. ती बाजेवर बसून दोन टोकं धरायची, मी उभा राहून दोन. गोधडी ताणायची, झटकायची, मग मी पुढं जाऊन माझी टोकं तिच्या हातात द्यायची. एका माणसाच्यानं हे काम होत नाही. होतं, पण ती घडी नसते, बोळा असतो.

"तुमचं टोक वर हाय," ती म्हणाली.

"तुझं खाली हाय," मी म्हणालो.

लग्न झाल्यापासून आमचं हे असंच चाललेलं. मग गोधडी तिनं पायथ्याला ठेवली आणि आडवी झाली. मी म्हशीला पाणी पाजायला गेलो. परत आलो तोवर तिचं सगळं संपलं होतं. ओरडणं नाही, हाक नाही. तोंडावर माशी बसलेली तिनं हाकलली नाही, त्यावरून मला कळलं.

आमच्या गावातली वाचनालयाची पोरं दिवाळी अंक काढतात. ती म्हणाली, नाना, तुम्ही जन्मभर विहिरींना सुरुंग लावले, त्यावर लिहा. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. म्हटलं लिहितो, पण मधे मधे हौसा येणार. तिला गाळून लिहा म्हणाल तर जमायचं नाही. कारण माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला धंदा सुटल्यावर कळली, आणि ती तिच्या दुखण्यात कळली.

ज्यांना विहीर म्हणजे नुसतं पाणी माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मुळशीत वर माती असते, खाली मुरूम, आणि त्याच्या खाली काळा कातळ. मुरूम कुदळीनं निघतो. कातळ निघत नाही. त्याला भोकं पाडायची, भोकात जिलेटिनची कांडी घालायची, वरून माती ठासायची, वात पेटवायची आणि वर पळायचं. सुरुंग उडाला की दगड फुटतो, मग तो यारीनं वर ओढायचा. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचा उचलण्याचा सांगाडा. पुन्हा भोकं, पुन्हा कांडी. पाणी लागेपर्यंत हेच. ताम्हिणीकडं एवढा पाऊस पडतो की वरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यात माणसं हंडा घेऊन फिरतात, म्हणून तिकडं आम्हाला काम पुष्कळ. पुढं लवळ्याच्या डोंगरावर कॉलेजं झाली तेव्हा पायाचेही सुरुंग लावले. आता त्या खोल्यांत पोरं झोपतात, त्यांना काय माहीत खाली कसला कातळ होता.

कांडीवर जी माती ठासायची ती मऊ लागते, बिनखड्याची. ती मळायचं काम हौसाचं. ती मातीच्या वळकट्या करायची आणि मला द्यायची. कांड्याही तीच कागद सोडवून हातात द्यायची. बाईनं कांडीला हात लावायचा नाही असा इतर टोळ्यांत नियम होता. आमच्यात नव्हता, कारण आमची टोळी म्हणजे मी, ती, आणि भोकं पाडणारा गणपत. नियम करायला माणसं कुठं होती.

तर त्या जुन्या पिवळ्या कांडीचा एक त्रास होता. तिला हात लावला की डोकं दुखायचं. साधं नाही. कानशिलात घण घातल्यासारखं, नाडीबरोबर ठोके. तिच्यातलं औषध हाताच्या कातडीतून आत जायचं. नवा माणूस पहिल्या दिवशी ओकायचा. मग दोन-चार दिवसांत सवय व्हायची, डोकं बंद. पण बाजाराच्या दिवशी सुट्टी. सुट्टीत सवय मोडायची आणि दुसऱ्या दिवशी कांडी हातात घेतली की पुन्हा पहिल्यापासून घण सुरू. आम्ही त्याला कांडीचं डोकं म्हणायचो. त्यावर जुन्या लोकांनी एक तोड काढली होती. सुट्टीच्या दिवशी कांडीचा रिकामा कागद टोपीच्या घडीत ठेवून फिरायचं. कपाळाला थोडं थोडं लागत राहायचं, सवय मोडायची नाही, आणि कामाच्या दिवशी डोकं दुखायचं नाही. मी तसंच करायचो. हौसाही पदराच्या गाठीत कागद बांधायची. आताच्या कांड्यांत ते औषध नसतं म्हणे. बरं झालं.

डोकं दुखून कुणी मरत नाही. विहिरीत माणूस मरतो तो हवेनं. दगड पडून मरतो असं लोकांना वाटतं, पण मी पाहिलेली बरीच मरणं हवेची. तीन हवा असतात. एक सुरुंगाची. सुरुंग नीट फुटला नाही तर तांबूस धूर तळाशी बसून राहतो. आम्ही झाडाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून वर-खाली करायचो, हवा ढवळायचो, आणि थांबायचो. गिऱ्हाईक वर उभं राहून म्हणायचं, नाना, उतरा की, दिवस चाललाय. त्याला म्हणायचं, तू उतर.

दुसरी इंजनाची. चांद्याच्या बाजूला एका बागायतदाराच्या विहिरीत पाणी उपसायला त्यांनी डिझेलचं इंजन खालीच कपारीवर ठेवलं. मी ठेवू नका म्हटलं. त्यांच्या थोरल्यानं मला ऐकवलं की सुरुंगवाल्यानं सुरुंगाचं बघावं. धाकटा भाऊ इंजन बघायला उतरला. खाली बसला आणि हसायला लागला. वरून थोरला विचारतो, काय रं, काय झालं. तो म्हणतो, दादा, झोप येतीया. मी दोर कमरेला बांधला, श्वास कोंडला, उतरलो आणि त्याला बांधून वर ओढायला लावलं. त्याचे गाल लाल झाले होते, लग्नातल्या नवऱ्यासारखे. तो जगला. त्या हवेला वास नाही, रंग नाही, म्हणून ती वाईट. थोरला पुढं प्रत्येक लग्नाला मला आमंत्रण देत राहिला, पण माझं ऐकायला हवं होतं असं एकदाही म्हणाला नाही. मोठ्या घरांत तसं म्हणत नाहीत.

तिसरी सडक्या अंड्याची. बंद पडलेल्या, गाळ कुजलेल्या विहिरीत ती असते. ताम्हिणीच्या वरच्या एका वाडीवरचा गडी माझ्याबरोबर गाळ काढायला उतरला होता. आधी म्हणाला, लई घाण वास हाय. थोड्या वेळानं म्हणाला, नाना, वास गेला बघा. मी त्याच्या मानगुटीला धरून वर ढकलला. वास गेलेला नसतो. नाक मेलेलं असतं. नाकामागोमाग माणूस.

ह्या तीन हवांना भिऊन मी जगलो. भिलो म्हणूनच जगलो. हे पक्कं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

हौसाच्या छातीत पहिल्यांदा कळ आली ती पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना. पुण्याच्या अलीकडच्या एका दवाखान्यात नेलं. काळजाच्या रक्तनळ्या अरुंद झाल्यात म्हणाले. साखर तर तिला आधीपासून होती, आणि त्या साखरेनं मूत्रपिंडंही खाल्ली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दोन्ही दुखणी एकमेकांना ओढतायत, काळीज बिघडलं की मूत्रपिंड आणि मूत्रपिंड बिघडलं की काळीज. बाई तरुण, आमच्या सुमनच्या वयाच्या. सुमन म्हणजे आमची लेक, चांद्याला दिलेली. बाईंनी एक बारीक गोळी दिली. कळ आली की जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही.

घरी आल्यावर कळ आली. गोळी जिभेखाली ठेवली. कळ थांबली. आणि हौसानं दोन्ही हातांनी कानशिलं धरली. मी घाबरलो. तर ती हसतेय.

"अवं, हे दुसरं काय न्हाई," ती म्हणाली. "हे कांडीचं डोकं हाय."

मी म्हणालो, तुझं डोकं फिरलंय. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला सांगा. तुमच्यासंगं एवढी वर्सं माती मळली, मला कांडीचं डोकं कळत न्हाई व्हय.

पुढच्या खेपेला मी बाईंना भीत भीत विचारलं. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही बरोबर ओळखलंत. तेच औषध आहे. कांडीत असायचं तेच, फक्त चिमटीच्या चिमटीएवढं."

मग हौसाची मान ताठ. त्या दिवशी जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला तिनं ते सांगितलं.

माझं मात्र निराळंच झालं. मी ती गोळ्यांची बाटली घरात ठेवीना. चूल पेटते त्या घरात कांडी ठेवायची नाही हे माझ्या हाडात बसलेलं. मी बाटली नेऊन गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. सुमन आली, तिला कळलं, तर ती मला नाही नाही ते बोलली. आईला कळ आली तर गोठ्यापर्यंत पळत जाणार का तुमी, आणि ह्यानं उडणार काय हाय, म्हशीचं शेपूट? बाईंनीही सांगितलं की ह्या गोळीनं काही फुटत नाही. शेवटी हौसानं बाटली कनवटीला खोचली. त्या दिवसापासून मी तिच्याजवळ बसून विडी ओढली नाही. लोकांना वाटलं सुधारला.

काही महिन्यांनी मूत्रपिंडं बसलीच. मग मशीन आलं. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या दिवशी जीपनं जायचं, तिचं रक्त नळीतून मशीनमध्ये जायचं, धुऊन परत यायचं. चार तास ती आत खुर्चीवर, मी बाहेर बाकावर. आमच्या बाजूची अशी पाच-सहा माणसं होती, ती सगळी एकाच जीपनं जायची आणि एकदमच परत यायची.

त्या बाकावर एकदा बाई चहा घेऊन माझ्याजवळ बसल्या. मी विचारलं की कांडीचं औषध काळजाला करतं तरी काय. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर दोष माझा.

औषध आत गेलं की त्याचा एक वायू होतो. अगदी जरासा. तो वायू रक्तनळीच्या भिंतीला निरोप देतो की सैल हो. नळी सैल होते, काळजावरचा भार उतरतो, कळ थांबते. डोक्यातल्या नळ्याही सैल होतात, म्हणून डोकं दुखतं. आणि हा वायू औषधानंच होतो असं नाही, आपलं शरीर तो रोज स्वतः करतं. काळजात, मूत्रपिंडात, सगळीकडं. निरोप पोचवायचा आणि विरून जायचं, एवढंच त्याचं काम.

मी विचारलं, ह्या वायूचं रूप कसं असतं. त्या म्हणाल्या, त्याला रंग नाही, पण बाहेरच्या हवेला लागला की तांबूस होतो.

 मी त्यांना तळाशी बसणाऱ्या तांबूस धुराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याच घराण्यातला. आणि म्हणाल्या, असे निरोपे शरीरात आणखी दोन आहेत. एक कोंदलेल्या धुरात असतो तो, बिनवासाचा. दुसरा सडक्या अंड्याच्या वासाचा.

चहा माझ्या हातात तसाच राहिला. ज्या तीन हवांपासून मी जन्मभर पळालो, माणसं मानगुटीला धरून वर ढकलली, त्या तिन्ही हौसाच्या अंगात होत्या. माझ्याही. तुमच्याही. बाई म्हणाल्या, विहिरीत भरून राहिल्या तर मारतात, शरीरात कणभर असल्या तर सांभाळतात. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसात तो अंड्याच्या वासाचा वायू कमी होत जातो असं दिसतंय. म्हणून तो देता येईल का, आणि तो बिनवासाचा कणभर देऊन दुसऱ्याचं बसवलेलं मूत्रपिंड वाचवता येईल का, ह्यावर जगभर काम चाललंय. उंदरांवर चांगलं दिसतं. माणसांवर अजून ठरलेलं नाही. दुकानात औषध मिळतं ते पहिल्याचंच.

"मग बाकीचे दोन कधी यायचे, बाई?"

 "मला माहीत नाही, काका. पण आजींच्या वेळेला नाही."

मला त्यांचं हे आवडलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, येतील, येतील. मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही की पाणी लागणारच. त्यांनीही नाही सांगितलं.

हौसाला जीपमध्ये सांगितलं तर तिनं एकच विचारलं. माझ्या अंगात अंड्याचा वास हाय व्हय? मी म्हणालो, तुला आताच कळलं. तिनं मला कोपरानं ढोसलं. मागच्या सीटवरचं म्हातारं झोपेत हसलं.

आता आमच्या चुकीचं सांगतो. ही चूक सुरुंगवाल्याच्याच घरात होऊ शकते.

गोळीच्या जोडीला तिला छातीवर चिकटवायची पट्टी दिली होती. त्या पट्टीतही तेच औषध, कातडीतून हळूहळू आत जाणारं. सकाळी लावायची, रात्री झोपताना काढून टाकायची. पण रात्री काढली की सकाळी नवी लावल्यावर कांडीचं डोकं ठरलेलं. अर्धा दिवस ती डोक्याला फडकं बांधून बसायची. मग एकदम तिचं डोकं दुखायचं बंद झालं. मी म्हटलं, पडली सवय.

त्याच सुमाराला मशीनवर बसल्या बसल्या तिच्या छातीत कळा यायला लागल्या. आधी तासाभरानं, मग सुरू केलं की लगेच. सिस्टर मशीन मधेच बंद करायच्या. चार तासांचे दोन झाले, दोनाचा दीड. अंगातलं पाणी तसंच राहायचं, पाय सुजायचे, रात्री उशी लावून बसून राहावं लागायचं. बाईंनी औषध वाढवलं, फरक नाही. एक दिवस त्यांनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं. म्हणाल्या, काका, काळीज एवढं दुखत असेल तर मशीनवर ठेवता येणार नाही. आणि मशीन नसेल तर आजी थोड्या दिवसांच्या सोबती.

त्या दिवशी मी घरी कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिला न्हाऊ घालत होतो. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून पाठ मी चोळायचो. पाठीवरून हात खाली गेला तर कमरेवर काहीतरी चिकटलेलं. पट्टी. छातीवर आजची होतीच. ही कालची.

"हे काय गं?"

"कागद," ती म्हणाली. मला कळेना. ती म्हणाली, "बाजाराच्या दिवशी टोपीत काय ठेवायचा तुमी? रात्रीला काढून टाकायची सांगत्यात, मग सकाळी डोकं फुटतं. म्हणून छातीवरची काढते आणि हितं लावते. डोकं बंद झालं का न्हाई?"

खरं सांगतो, मला ते एकदम पटलं. रागावलो नाही. उलट वाटलं, बाई हुशार आहे माझी. कळा येतात त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल असं दोघांच्याही मनात आलं नाही. डोकं दुखणं हा त्रास होता, त्यावर आमच्या धंद्यात तोड होती, ती तिनं लावली. एवढं सरळ. पुढच्या खेपेला मीच बाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं की डोकेदुखीवर आमच्या मंडळींनी उपाय काढलाय, दुसऱ्या पेशंटांनाही सांगा.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हौसाची कंबर बघितली. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि मला वाटलं आता रागावणार. रागावल्या नाहीत.

"आजी, तुमच्या दारावर एखादा निरोप्या रात्रंदिवस उभा राहून तेच तेच ओरडत राहिला तर काय कराल?"

"दार लावून घेईन."

"रक्तनळ्यांनी तेच केलंय. त्यांनी ऐकायचं सोडलंय. म्हणून डोकं दुखत नाही. आणि म्हणूनच छातीत दुखतंय. रात्री पट्टी काढायला सांगतो ती त्याच्यासाठी, की नळ्यांनी रात्रभर विसरावं आणि सकाळी पुन्हा ऐकावं. कांडीच्या कामात डोकं न दुखणं चांगलं होतं. इथं डोकं दुखलं की समजायचं, निरोप पोचला."

हौसा खाली बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मी माझ्याच हातानं मशीन बंद करत हुते."

बाई म्हणाल्या, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं, का काढायची ते. मी नुसतं काढा म्हटलं.

माझं ह्यावर एक म्हणणं आहे. टोपीत कागद ठेवायला आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. माणसं मरमर करून शिकली होती आणि ते खरं होतं. खरी गोष्ट दुसऱ्या जागी नेली की ती खरी राहीलच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांचं डोकं पट्टीनं दुखेलच असंही नाही असं बाई म्हणाल्या, आणि कुणाचं औषध निराळं, कुणाचं दुखणं निराळं. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या मनानं काही लावू नका, काही काढू नका. विचारा. आणि काढा म्हटलं तर का ते पण विचारा.

त्या रात्री पट्टी काढली. थोड्या दिवसांनी एका सकाळी नवी लावली, मी समोर बसलो. ती भाकरी थापत होती. थापता थापता तिनं कपाळ मनगटानं दाबलं.

"दुखतंय?"

"लई."

मला एवढा आनंद झाला की मी उठून अंगणात गेलो. पुढं ते आमचं रोजचंच झालं. मी विचारायचो दुखतंय का, ती म्हणायची व्हय, आणि मी खूश. शेजारच्या रखमाबाईनं हे ऐकलं आणि गावात सांगितलं की म्हाताऱ्याला बायकोचं डोकं दुखलं की गोड लागतं. हौसा तिला म्हणाली, ज्याचं त्याचं नशीब असतं.

कळा कमी झाल्या. मशीन पुन्हा चार तास चालायला लागलं. पाय उतरले. तिनं पुढचे दोन उन्हाळे काढले. दुसऱ्या उन्हाळ्यात कुरडया घातल्या, बसून, आणि मला गच्चीवर चढवून वाळत घालायला लावल्या. बाई म्हणायच्या, काळीज थकलेलंच आहे काका, आपण त्याच्याकडून एक एक दिवस मागून घेतोय. मी म्हणायचो, मागा. मागायला लाज कसली.

आणि मग तो दिवस. सुमन चांद्याहून आली. हौसाचा भाऊ शिवा आला. दिवस मावळायच्या आत नदीवर नेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सगळ्यांच्या घरात होतं ते झालं.

दुसऱ्या दिवशी मशीनचा दिवस होता. जीपवाल्याला कुणी कळवलेलं नव्हतं. त्यानं सकाळी रोजच्यासारखा दारात हॉर्न वाजवला. मी टोपी घातली आणि निघालो. शिवा ओट्यावर बसला होता. म्हणाला, दाजी, सुतकात कुटं निघाला? लोक काय म्हणतील? मी म्हणालो, लोकांना मशीन लागत नाही.  सुमननं दारातल्या चपला माझ्या पायापुढं सरकवल्या.

जीपमधली माणसं मागं बघत राहिली, हौसा येईल म्हणून. मी जीपवाल्याला म्हणालो, चल. मग त्यांना कळलं. 

दवाखान्यात सिस्टरनं हौसाची खुर्ची तयार ठेवली होती, नळ्या लावून. मी सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, काका, फोन केला असता तरी चाललं असतं. मी म्हणालो, फोनवर मला बोलता येत नाही. ही खुर्ची कुणाला तरी देऊन टाका, तुमच्याकडं थांबलेली माणसं असतात.

थांबलेलं होतं. ताम्हिणीकडची एक बाई, फुगलेली, नवरा दंड धरून आणत होता. तिला आत घेतलं. नवरा बाहेर आला, इकडंतिकडं बघितलं आणि बाकावर माझ्याशेजारी टेकला.  जीप सगळ्यांचं झाल्याशिवाय परत जात नाही, म्हणून मलाही बसायचंच होतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुमची मंडळी आत हायेत का?"

"न्हाई," मी म्हणालो. "तुमची हाय. बसा गप. चार तास लागत्यात."

तो बसला. मीही बसलो. आत मशीन चालू झाल्याचा आवाज आला.